राखेच्या बुधवारी दारू सोडण्यापूर्वी



येत्या बुधवारी आपल्या कपाळावर राख लावली जाईल आणि प्रायश्चित्तकाळाला सुरुवात होईल. दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्यापैकी अनेकजण चाळीस दिवसांसाठी काहीतरी सोडतील. कोणी मांस-मच्छी सोडतील, कोणी टीव्हीवरील मालिका, कोणी चहातील साखर. आणि आपल्या धर्मग्रामात पूर्वापार चालत आल्याप्रमाणे बरेच पुरुष दारू सोडतील. काहीजण तर वर्षभर पितात ते जणू या चाळीस दिवसांत सोडण्यासाठीच, असे गमतीने म्हटले जाते. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. चाळीस दिवस न पिणे ही साधी गोष्ट नाही आणि त्याचा शरीराला खराखुरा फायदा होतो, हे पुढे येईलच.

परंतु आज आम्हाला आधी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या व्यसनमुक्ती गटाने याच दिवसांत चर्चच्या दारात प्रतिज्ञेची कार्डे वाटली होती. 'मी आजपासून दारूला शिवणार नाही' असा मजकूर, खाली सहीसाठी जागा. पन्नाशीच्या एका गृहस्थांनी सर्वांसमोर सही केली. वीसेक वर्षे ते रोज पीत होते. सकाळी उठल्याबरोबर उतारा घेतल्याशिवाय त्यांना दाढी करता येत नसे, इतका हात थरथरे. त्यांनी सही केल्याचे पाहून त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले आणि आमच्याही.

मंगळवारी रात्रीचा प्याला शेवटचा. बुधवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला होता, हातात कपबशी धरवत नव्हती. आम्ही म्हणालो, धीर धरा, दोन दिवसांचा त्रास आहे, प्रभू बळ देईल. गुरुवारी पहाटे न्हाणीघराच्या पायरीवर त्यांना फिट आली. घरच्यांनी कांदा हुंगवला, ते शुद्धीवर आले, म्हणून कोणी डॉक्टरांकडे नेले नाही. शुक्रवारी रात्री त्यांना भिंतीवर किडे चढताना दिसू लागले. अंगणात उभ्या असलेल्या, बारा वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांशी ते बोलू लागले. आळीतील दोन वयस्क बायांनी हे बाहेरचे आहे असे ठरवून टाकले आणि एका 'जाणत्या'ला बोलावणे धाडले. शनिवारी सकाळी अंग तापाने फणफणलेले, ओळख पटत नाही, अशा अवस्थेत रिक्षातून त्यांना इस्पितळात नेले. पाच दिवस अतिदक्षता विभागात आणि पुढे आठवडाभर वॉर्डात ते होते. वाचले.

तेथील डॉक्टरांनी विचारले, "यांना एकदम बंद करायला कोणी सांगितलं?" आम्ही मान खाली घातली. त्यांची पत्नी आम्हाला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुम्ही त्यांना कार्ड दिलंत, त्याच्याबरोबर डॉक्टर द्यायला हवा होता."

हा लेख त्या वाक्यापोटी लिहिला आहे. ज्यांची ही हकीकत आहे त्यांना आम्ही ती आधी वाचून दाखवली. ते म्हणाले, नाव घालू नका, बाकी सगळे घाला.

सोडताना त्रास का होतो?

दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर दारू येत राहिली की मेंदू तिच्याशी झगडून जागे राहावयास शिकतो. बैलगाडी उतारावर असताना जसा गाडीवान सतत लगाम ओढून धरतो, तसे उलट्या बाजूने समजा. मेंदू सतत पुढे रेटत असतो, कारण दारू त्याला मागे ओढत असते. वर्षानुवर्षे हा तोल असाच सांभाळला जातो. मग एके दिवशी दारू अचानक थांबते. मागची ओढ गेली, पण पुढचा रेटा तसाच राहिला. त्यामुळे सारी यंत्रणा भडकते. हात थरथरतात, छाती धडधडते, घाम सुटतो, झोप उडते, रक्तदाब चढतो.

याचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले आहे आणि प्रत्येक घराने ते माहीत करून घ्यावे. शेवटच्या प्याल्यानंतर सुमारे सहा तासांपासून थरथर आणि अस्वस्थपणा सुरू होतो. बारा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. अठ्ठेचाळीस तासांपासून चौथ्या दिवसापर्यंत सर्वात धोक्याचा काळ असतो. त्यात भास होणे, वेळ-काळाचे भान सुटणे, ताप, प्रचंड घबराट अशी अवस्था येऊ शकते. इंग्रजीत तिला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास तिच्यात माणूस दगावतो. आमच्या त्या बंधूंची बुधवार ते शनिवारची हकीकत पुन्हा वाचा. सारे घड्याळ लावल्याप्रमाणे घडले. त्यात बाहेरचे काहीच नव्हते.

सर्वांनाच असे होते असे नाही. जे सणासुदीला किंवा आठवड्यातून एखाद्या वेळी घेतात, ज्यांना सकाळी काही लागत नाही, त्यांनी बुधवारी खुशाल बंद करावी. मात्र जे रोज भरपूर घेतात, ज्यांना सकाळचा उतारा लागतो, ज्यांना पूर्वी दारू सोडताना फिट आली आहे किंवा भास झाले आहेत, ज्यांचे वय झाले आहे किंवा ज्यांना यकृताचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना भेटल्याशिवाय एकदम थांबू नये. डॉक्टर साधारण आठवडाभर मेंदूला शांत ठेवणारी औषधे उतरत्या मात्रेत देतात आणि ब-१ जीवनसत्त्व देतात. मग तोच प्रवास सुखरूप पार पडतो. या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणून घ्यावयाच्या नाहीत. त्यांचीही सवय लागते आणि दारूबरोबर घेतल्यास श्वास थांबू शकतो.

ब-१ जीवनसत्त्वाविषयी, म्हणजे थायमिनविषयी, आणखी एक गोष्ट. रोज पिणारा माणूस धड जेवत नाही आणि जे खातो त्यातले हे जीवनसत्त्वही दारू अंगी लागू देत नाही. त्याची फार कमतरता झाली की डोळे तिरळे होतात, चाल झोकांड्या खाते, बुद्धीचा गोंधळ उडतो. जर्मनीतील वेर्निके यांनी १८८१ साली हा आजार वर्णिला. पुढे रशियातील कोर्साकोव्ह यांनी त्याचीच दुसरी बाजू दाखवली. त्यात स्मरणशक्ती कायमची जाते आणि माणूस पाच मिनिटांपूर्वीचे विसरतो. आपल्याकडे पिणाऱ्याला अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात नेऊन 'एक बाटली सलाईन' लावून आणण्याची पद्धत आहे. थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन दिले तर हा आजार उलट उफाळू शकतो. तेव्हा डॉक्टरांपुढे लाज न बाळगता सांगावे की हे रोज पितात, इतके पितात. खरे सांगितले तर उपचार बदलतो.

एका क्वार्टरचे गणित

"मी फार नाही घेत" हे वाक्य आम्ही घरोघरी ऐकतो. म्हणून थोडे गणित करू. दारूचे मोजमाप बाटलीत न करता आतल्या शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये करावे लागते. व्हिस्की, रम, ब्रँडी यांच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम झाले. आता बियरकडे वळू, कारण 'बियर म्हणजे दारू नव्हे' असे मानणारे तरुण आपल्यात पुष्कळ आहेत. ६५० मिलिलिटरच्या साध्या, पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे अडीच छोटे पेग. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत ४० ग्रॅम, म्हणजे चार पेग. तेव्हा दोन स्ट्राँग बियर पिणारा क्वार्टरवाल्याच्या पुढे गेलेला असतो.

निरोगी माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. त्याहून अधिक वेग त्याला येत नाही. लिंबू-पाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी तरतरी वाटेल, रक्तातले अल्कोहोल कमी होणार नाही. याचा अर्थ असा की लग्नाच्या मांडवात रात्री अकरापर्यंत क्वार्टर संपवलेला माणूस पहाटे पाचला भाजी किंवा फुले घेऊन टेम्पो बाहेर काढतो, तेव्हा त्याच्या रक्तात दारू असण्याचा संभव मोठा आहे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरून शाळेची मुले येत असतील तर दंडाचा विचार कोण करतो, ही गोष्ट वेगळी.

स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तात अल्कोहोल अधिक चढते आणि यकृतही लवकर बिघडते. नाताळच्या पार्टीत आता बहिणींच्या हातीही ग्लास दिसतो, म्हणून हे सांगितले. गरोदरपणात तर एक घोटही नको. दारू वारेतून थेट बाळाच्या रक्तात जाते. चेहऱ्याची ठेवण, वाढ आणि बुद्धी यांवर होणारा परिणाम अमेरिकेतील डॉक्टरांनी १९७३ साली 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' या नावाने नोंदवला. तो जन्मभर राहतो. बाळंतिणीला ऊब यावी म्हणून चमचाभर ब्रँडी देण्याची आजीच्या काळची चाल होती. आजीविषयी पूर्ण आदर ठेवून ती आता सोडावी.

शरीरात काय काय होते

यकृताकडे दारू गेली की तिचे आधी असिटाल्डिहाइड नावाचे विष बनते आणि मग ते विष पुढे निरुपद्रवी होते. घोटाळा होतो तो या मधल्या पायरीवर. रोज पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते. त्या वेळी काही दुखत नाही, काही खुपत नाही. सोनोग्राफी केली तरच कळते. येथे आनंदाची बातमी आहे. या टप्प्यावर दारू पूर्ण थांबवली तर काही आठवड्यांतच यकृत बहुधा पूर्ववत होते. आपला चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्याला जवळजवळ मापून दिल्यासारखा आहे. मात्र ईस्टरच्या दुपारपासून पुन्हा सुरू केले की चरबीही पुन्हा येते. शिवाय चाळीस दिवसांत शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुन्या मापाने एका बैठकीत घेतलेली दारू अधिकच बाधते.

चरबीनंतर काहींच्या यकृताला सूज येते आणि कावीळ होते. त्यानंतर यकृताचे मांस जाऊन त्या जागी व्रणाचे कठीण जाळे तयार होते. त्याला सिऱ्होसिस म्हणतात. हा व्रण फारसा भरून येत नाही. पोटात पाणी साचते, पाय सुजतात, हातापायांच्या काड्या होतात. अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि एखाद्या रात्री फुटून रक्ताची उलटी होते. मेंदूत विषारी द्रव्ये चढून माणूस दिवसा झोपतो आणि रात्री बरळतो. अशी किती माणसे आपण कबरस्तानात पोहोचवली याची मोजदाद प्रत्येकाने मनात करावी. मृत्यूच्या दाखल्यावर 'कावीळ' लिहिलेले असते आणि आपणही तेच सांगत राहतो. मात्र सिऱ्होसिस झाल्यावरदेखील दारू सोडणाऱ्याचे आयुष्य वाढते. "आता सोडून काय उपयोग" हे खरे नाही.

कर्करोगाविषयी आपल्या लोकांना फार कमी माहिती आहे. तंबाखूने होतो हे सर्वांना ठाऊक आहे, दारूने होतो हे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखू त्याच गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे. दारूबरोबर सिगारेट किंवा तंबाखू असेल तर तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेहूनही बराच जास्त होतो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल असे दारूचे प्रमाणच नाही. 'थोडी घेतली तर हृदयाला चांगली' हे जुने म्हणणे त्यामुळे मागे पडले आहे. उलट एका रात्रीत भरपूर पिणाऱ्याच्या हृदयाचे ठोके दुसऱ्या दिवशी बेताल होतात. सुट्टीनंतरच्या सोमवारी असे रुग्ण येतात म्हणून १९७८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी त्याला 'हॉलिडे हार्ट' असे नाव दिले. वर्षानुवर्षांच्या पिण्याने हृदयाचा स्नायू सैल पडतो तो वेगळा. स्वादुपिंडाला सूज आली तर पोटात पाठीपर्यंत जाणारी असह्य कळ येते, आणि पुढे काहींना मधुमेह जडतो.

पार्टीनंतर डोके दुखते म्हणून पॅरासिटामॉल घेणाऱ्यांनीही जपावे. रोज पिणाऱ्याच्या यकृताला या गोळीचा मोठा डोस झेपत नाही.

ताडी, हातभट्टी आणि गोळ्या

ताडी झाडाची असते, म्हणून औषधी, असे म्हणणारे अजून आहेत. सूर्योदयापूर्वी उतरवलेली नीरा गोड असते, पण दिवस वर येतो तशी ती आंबत जाते आणि तिची दारू होते. अनेक ठिकाणी पाणी घातलेल्या ताडीला कैफ यावा म्हणून क्लोरल हायड्रेट नावाची झोपेची भुकटी मिसळलेली पकडण्यात आली आहे. अशी ताडी अचानक बंद झाली तरी वर सांगितल्यासारखेच फिट व भास होतात.

हातभट्टीचे भय याहून निराळे आहे. जून २०१५ मध्ये मालाडजवळच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल चवीने वा वासाने ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते. प्यायल्यानंतर बारा-चोवीस तासांनी पोट दुखणे, श्वास जोराने चालणे, डोळ्यांपुढे धुके येणे अशी लक्षणे दिसली तर 'उतरेल' म्हणून वाट पाहू नये. वेळेत इस्पितळात नेले तर त्यावर उतारा देता येतो आणि डायलिसिसने विष काढता येते. काही तासांच्या उशिराने डोळे जातात.

तरुणांमधील गर्द, खोकल्याचे कोडीनचे औषध, झोपेच्या गोळ्या आणि एमडी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे पालकांसाठी एवढेच की गर्द, कोडीन आणि झोपेच्या गोळ्या या साऱ्या श्वास मंद करतात, दारूही करते, आणि दोन्ही एकत्र आली की झोपलेला मुलगा सकाळी उठत नाही. घोरणे विचित्र वाटले, ओठ निळे दिसले, हलवून जाग येत नसेल तर कुशीवर वळवावे आणि तडक इस्पितळ गाठावे. 'लोक काय म्हणतील' हे सकाळी पाहता येईल.

'पण प्रभूने काना गावी...'

हा प्रश्न प्रत्येक सभेत कोणीतरी हसत हसत विचारतोच. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, हेही पाठ असते. (बाकीची पत्रे तितकी पाठ नसतात.) ख्रिस्तसभा द्राक्षारसाला पाप म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. धर्मशिक्षण ग्रंथ मद्याच्या अतिरेकापासून दूर राहावयास सांगतो आणि नशेत वाहन चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानतो. पण व्यसन ही पुढची पायरी आहे. तेथे प्रमाणाचा सल्ला उपयोगी पडत नाही, कारण प्रमाण राखण्याची शक्तीच आजाराने नेलेली असते. ख्रिस्तसभेने हे किती ओळखले आहे पाहा. ज्या धर्मगुरूंना मद्याचे व्यसन जडले होते आणि ज्यांना आता थेंबभरही घेऊन चालत नाही, त्यांना मिस्साबलिदानात मुस्टम, म्हणजे आंबण्याची क्रिया थांबवलेला द्राक्षांचा रस, वापरण्याची परवानगी बिशप देऊ शकतात. रोमहून २००३ साली आलेल्या पत्रात हे नियम पुन्हा स्पष्ट केलेले आहेत. वेदीवरच्या प्याल्याबाबत ख्रिस्तसभा एवढी जपते. मग लग्नाच्या मांडवात, दारू सोडलेल्या पाहुण्याला "आज एक दिवस चालतं रे" म्हणून ग्लास पुढे करणाऱ्या आपणांस काय म्हणावे?

डब्लिनच्या मॅट टॅल्बटची गोष्ट येथे आठवते. बाराव्या वर्षी तो मद्याच्या बाटल्या भरणाऱ्या कंपनीत कामाला लागला आणि तेथेच प्यावयास शिकला. पुढे सोळा वर्षे सारा पगार गुत्त्यात गेला. एकदा तर रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्याचे व्हायोलिन त्याने मित्रांबरोबर चोरून विकले. १८८४ साली एका शनिवारी खिशात पैसा नसताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने आजवर पाजले त्यांच्यापैकी एकानेही त्याला आत बोलावले नाही. त्याच दिवशी त्याने प्रतिज्ञा घेतली, ती तीन महिन्यांसाठी. मग सहा महिन्यांसाठी, आणि मग जन्मभरासाठी. १९२५ साली मिस्साला जाताना रस्त्यातच त्याचे निधन झाले आणि १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला 'आदरणीय' घोषित केले. आम्हाला त्याच्या पहिल्या तीन महिन्यांचे विशेष वाटते. जन्मभराची सही त्याने पहिल्या दिवशी केली नव्हती.

घरच्यांसाठी

पिण्याचे व्यसन झाले आहे का, हे ताडण्यासाठी डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. कमी करावी असे कधी वाटले का? कोणी पिण्यावरून बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्याबरोबर लागते का? यांपैकी दोन प्रश्नांना 'होय' असेल तर तपासून घ्यावे. ज्याला शेवटच्या प्रश्नाला 'होय' म्हणावे लागते, त्याने बुधवारची वाटही पाहू नये आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नये. आधी डॉक्टर.

वर्तमानपत्रांत आणि आता मोबाइलवर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा भुकट्यांच्या जाहिराती येतात. आपल्या कितीतरी भगिनींनी त्या भाजीत कालवल्या आहेत. आत काय आहे ते कोणी सांगत नाही. डिसल्फिराम नावाचे खरे औषध आहे, पण ते घेऊन दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो, आणि हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. नवरा जेवणावर संशय घेऊ लागला की घरातला उरलासुरला विश्वासही जातो.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळतो. बाकी सदतीस जणांच्या घरी लपवाछपवी चालू असते. आपल्याजवळ मार्ग नाही असे मात्र नाही. फादर जो परेरा, जे स्वतः या व्यसनातून बाहेर पडले, त्यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्याचे मुक्तांगण डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली उभारले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा अनेक चर्चच्या आणि शाळांच्या हॉलमध्ये भरतात. तेथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा वेगळ्या असतात. सरकारची १४४४६ ही विनामूल्य हेल्पलाइन आहे.

आमचे ते बंधू इस्पितळातून आल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा प्यायले. तेव्हा आळीत पुष्कळ बोलले गेले. असे पुन्हा घसरणे मधुमेह्याची साखर पुन्हा चढण्यासारखे आहे, हे आम्हाला तोवर कळले होते. दुसऱ्या खेपेस त्यांना आधी डॉक्टरांकडे नेले, मग केंद्रात, आणि मग दर आठवड्याच्या सभेला. आता चार वर्षे झाली. सकाळी दाढी करताना हात स्थिर असतो, हे ते स्वतःच दाखवतात.

यंदा चर्चच्या दारात कार्डे वाटली जाणार नाहीत. आज दुसऱ्या मिस्सानंतर, तसेच सोमवारी आणि मंगळवारी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात पारिश हॉलच्या मागील खोलीत एक डॉक्टर आणि आपल्या गटातील दोन निवृत्त परिचारिका बसतील. ज्यांना बुधवारपासून सोडावयाची आहे त्यांनी आधी येथे यावे, एकट्याने किंवा पत्नीसह. कोणतीही वही ठेवलेली नाही. मागील दाराने येता येते आणि त्या बाजूचा दिवा आम्ही मुद्दाम बंद ठेवणार आहोत.

व्यसनमुक्ती गट